घसा खवखवतोय, हे आदल्या रात्री कोण सांगणार?

*"ताई, घरात पंधरा दिवस एकच विषय चालू आहे. मुलांच्या सुट्टीत दीर-जाऊबाईंनी पाच दिवसांची सहल ठरवलीय. आम्ही चौघं, ते दोघं, त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई, असे आठ जण. एक मोठी गाडी, एकच बंगला. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, दमा जुना. लस घेतलीय, पण शेवटचा डोस होऊन आठ महिने झाले. कोरोना पुन्हा वाढतोय, ओळखीत रोज कुणीतरी आजारी पडतंय. मी 'नको' म्हटलं तर मोडता घालणारी ठरते, गप्प बसले तर रात्री झोप लागत नाही. नवरा म्हणतो, तू ठरव. सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे कुणाचं अडायला नको. शनिवारी उरलेले पैसे भरायचे आहेत. जावं की जाऊ नये?"*

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. 'माझ्यामुळे कुणाचं अडायला नको.' सासूबाईंचं हे बोलणं घरातल्या सगळ्यांनी होकार म्हणून धरलेलं दिसतंय. मला त्यात होकार ऐकू येत नाही आणि नकारही नाही. त्या आयुष्यभर जे म्हणत आल्या असतील, तेच आताही म्हणताहेत.

म्हणून पैशांचं, गाडीचं, बंगल्याचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्यांच्याजवळ बसा. मुलं झोपल्यावर, दोघीच. 'जायचं का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर त्या तुमच्या चेहऱ्याकडे बघून देतील. असं विचारा: 'तिथे तुम्हाला ताप आला आणि आठ-दहा दिवस परक्या गावातल्या हॉस्पिटलात काढावे लागले, तर?' आणि लगोलग दुसरंही विचारा: 'आपण गेलोच नाही, तर तुम्हाला किती वाईट वाटेल?' दोन्ही उत्तरं पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. कदाचित त्या म्हणतील, नातवंडांबरोबर पाच दिवस मिळत असतील तर मी जोखीम घेते. ७१ व्या वर्षी हा हिशेब त्यांचा आहे, तो त्यांनाच करू द्या. काळजीच्या नावाखाली आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचंच सोडून देतो, हे मला फार खुपतं. किंवा त्या म्हणतील, खरं सांगू का, मला भीती वाटते. तसं असेल तर तुम्ही एकट्या नाही, आणि पुढचं बोलणं बरंच सोपं होईल.

त्यांच्या डॉक्टरांनाही एक फोन करा. पुढचा डोस आत्ता घेण्यासारखा आहे का, हे विचारा. डोस घेतल्यावर शरीराला तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी घेतलेली लस त्या सहलीत फारशी कामाला येणार नाही.

आता माझ्या घरात झालेलं सांगते. सांगायला जड जातं, पण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यातूनच आलेलं आहे.

या साथीच्या दुसऱ्या वर्षी आमचीही अशीच सहल ठरली होती. थोरले काका, काकू आणि आम्ही चुलत भावंडं, एकूण अकरा माणसं. निघायच्या आदल्या रात्री माझा घसा खवखवायला लागला. ताप नाही, सर्दी नाही, गिळताना फक्त जरा टोचत होतं. बॅगा दाराशी लावून ठेवलेल्या. पैसे भरलेले, आणि रद्द केलं तर त्यातलं काहीही परत मिळणार नव्हतं. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि त्या आवाजात मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. दिवसभर बोलण्यामुळे झालं असेल, अशी स्वतःची समजूत घातली. सकाळी गाडीत काकांच्या शेजारी बसले. वारा लागतो म्हणून त्यांनी काच वर केली आणि सहा तास आम्ही गप्पा मारल्या. चौथ्या दिवशी काकांना ताप आला. पुढे बारा दिवस हॉस्पिटल, त्यातले सात ऑक्सिजनवर. काका वाचले. पण आजही जिना चढताना ते मधेच थांबतात, कठडा धरून मागे वळतात आणि काहीतरी बोलायला काढतात, दम लागलाय हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. मी दोन पायऱ्या खाली उभी असते.

काकांवर माझा जीव आहे. तरीही मी लपवलं, कारण खरं सांगणं आम्ही सगळ्यांनी मिळून फार महाग करून ठेवलं होतं. अकरा जणांचा विरस, बुडणारे पैसे, आणि 'एवढ्याशा घशासाठी?' हा न विचारलेला प्रश्न. तेव्हापासून साथीतल्या कुठल्याही सहलीबद्दल मी एकच गोष्ट बघते: आदल्या रात्री कुणालाही, अगदी सगळ्यात धाकट्यालाही, 'मला बरं वाटत नाहीये' असं बिनधास्त म्हणता येईल का? येत असेल, तर सहलीचा विचार करावा. येत नसेल, तर मास्क, चाचण्या, सॅनिटायझर सगळं बरोबर असलं तरी जाऊ नये.

हे तुमच्या सहलीला लावून बघू. सुरुवात पैशांपासून, कारण शनिवार जवळ आलाय. बंगलेवाल्यांना फोन करून विचारा: आमच्यापैकी कुणी आजारी पडलं आणि आदल्या दिवशी आम्ही रद्द केलं, तर किती पैसे परत मिळतील? 'बघू, करू काहीतरी' हे उत्तर धरू नका, लेखी मागा, मेसेजवर चालेल. पैसे परत देणं वेगळं आणि 'पुढच्या वेळी वळते करू' हे वेगळं. वळते करायला तयार असतील तर किती महिन्यांत वापरायचे तेही लिहून घ्या. प्रवास विमा काढणार असाल तर साथीबद्दलचं कलम शोधून वाचा. साथ जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या बऱ्याच पॉलिसींत ती 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून वगळलेली असते. काहींत तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली तर भरपाई मिळते, पण नुसती भीती वाटली म्हणून रद्द केलं तर मिळत नाही. आणि बंगलेवाले काहीच परत द्यायला तयार नसतील, तर शनिवारी उरलेले पैसे भरू नका. आधी भरलेले गेले तर गेले. ते आठ जणांत वाटून घ्यायचे, एकट्या दिरांच्या माथी मारायचे नाहीत, हे तुम्ही आपणहून बोलून दाखवा.

दिरांशी बोलताना 'तुम्हाला आईंची काळजी नाही का?' या वाटेला जाऊ नका. त्यांना आहेच. बहुतेक त्या काळजीपोटीच, आई अजून हिंडू-फिरू शकते तोवर एकदा सगळे मिळून जाऊ, असं त्यांच्या मनात असेल. मी असते तर असं म्हटलं असतं: "भावोजी, मलाही जायचंय. फक्त एक आधीच ठरवून टाकू. निघायच्या दिवशी आपल्यातल्या कुणाला जरा जरी बरं नसेल, तर त्याने सांगायचं, आणि त्याला कुणी एका शब्दानेही बोलायचं नाही. सहल पुढे ढकलायची किंवा त्या घराने मागे राहायचं. पैशांचं नुकसान सगळ्यांचं." हे मुलांसमोर बोला. मुलं अशा गोष्टी मनावर घेतात, आणि ऐन वेळी त्यांचाच 'माझं डोकं दुखतंय' हा बारीक आवाज सगळ्यांना वाचवू शकतो. पुतण्यालाही त्यात धरा. कॉलेजातलं पोर रोज पन्नास जणांत वावरतं, पण त्याला आजवर कुणी विश्वासात घेऊन काही विचारलंय का? 'सहलीआधीचा आठवडा आजीसाठी जरा सांभाळशील?' एवढंच म्हणून बघा. या वयातली मुलं हुकमाला फाटे फोडतात, विनंतीला सहसा नाही म्हणत नाहीत.

सहलीआधीचा आठवडा म्हणते, कारण बहुतेक वेळा आजार घरून बरोबर जातो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस लागू शकतात. पहिल्या वर्षीच्या विषाणूला सरासरी पाच दिवस लागत, ओमायक्रॉनला साधारण तीन. आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस दुसऱ्याला आजार देऊ लागतो. म्हणजे निघताना ठणठणीत असलेला माणूसही तिसऱ्या दिवशी तापू शकतो. थांबून बघणं हा यावरचा फार जुना उपाय आहे. १३७७ साली रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, या बंदराने प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना शहरात घेण्याआधी तीस दिवस बाहेर थांबवायला सुरुवात केली. पुढे त्याचे चाळीस झाले आणि त्या इटालियन चाळीसवरून 'क्वारंटीन' हा शब्द आला. तुम्हाला चाळीस दिवस थांबायचं नाहीये. आठही जणांनी सहा-सात दिवस लग्न-समारंभ, वाढदिवस, सिनेमा एवढं टाळलं, तरी धोका बराच उतरतो.

घरच्या घरी करायच्या रॅपिड टेस्टचा उपयोग आहे, फक्त तिच्यावर फार विसंबू नका. लागण झालेली असली तरी सुरुवातीच्या दिवसांत ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. ४८ तासांच्या अंतराने दोनदा करा, दुसरी निघायच्या दिवशी सकाळी. आणि कुणाचा घसा दुखत असेल तर निगेटिव्ह आली तरी त्याला आजारी धरा. 'टेस्ट तर निगेटिव्ह आहे' हे वाक्य माझ्या नळाच्या आवाजाचंच काम करतं.

आता बंद जागांबद्दल. २४ जानेवारी २०२० ला चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवत होती. त्यांतलं एक आदल्याच दिवशी वुहानहून आलं होतं, आणि त्यातल्या एका बाईला त्याच दिवशी बरं वाटेनासं झालं. पुढच्या काही दिवसांत तिन्ही कुटुंबांतले मिळून दहा जण पॉझिटिव्ह निघाले. ती तीन टेबलं एकाच एसीच्या झोतात होती आणि बाहेरची हवा आत येत नव्हती. वाढपी मात्र कुणी आजारी पडले नाहीत, ते येऊन-जाऊन होते. त्याच वर्षी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचे ६१ जण अडीच तासांच्या सरावाला जमले. त्यांतल्या ५३ जणांना, काहींना चाचणीवरून आणि काहींना लक्षणांवरून, कोविड झाल्याचं ठरलं. दोघं दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने ही महासाथ असल्याचं म्हटलं ते दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला. तिथे जमलेली माणसं बेपर्वा नव्हती. दारात सॅनिटायझर ठेवला होता, गळाभेटी टाळल्या होत्या. हवेकडे मात्र तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

या दोन्ही प्रसंगांत बंद खोली, साचलेली हवा आणि भरपूर वेळ एकत्र आले. तुमच्या बेतात हे सगळं कुठे जुळून येतं? बंगल्यापेक्षाही जास्त गाडीत. आठ माणसं, वर केलेल्या काचा, कित्येक तास. म्हणून माझा आग्रह आहे की एका मोठ्या गाडीऐवजी दोन गाड्या करा, घराप्रमाणे माणसं वाटून घ्या, आणि सासूबाई त्यांच्या गाडीत ज्यांच्याबरोबर रोज राहतात तेच असू द्या. एसीचं आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा चार बोटं खाली असल्या तरी हवा वाहती राहते. पाऊस, धूळ, वारा, कारणं निघतीलच, तरी धरून राहा. बंगल्यात सासूबाईंना खिडक्या उघडणारी स्वतंत्र खोली द्या. नातवंडं आजीजवळ झोपायचा हट्ट करतील, तेवढं या वेळी टाळा. त्याऐवजी संध्याकाळी अंगणात त्यांच्या कुशीत शिरून गोष्टी ऐकू द्या, उघड्यावरची जवळीक बंद खोलीतल्या जवळिकीपेक्षा कितीतरी कमी धोक्याची. जेवणं व्हरांड्यात करा. सामान, पिशव्या, कड्या-कुलपं पुसत बसू नका, हात धुतले की पुरे. विमानाने जाणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगते की उडत्या विमानातली हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते आणि बारीक कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून जाते, तेव्हा मास्क काटेकोरपणे लावायचा तो रांगेत, बसमध्ये आणि विमान जमिनीवर उभं असताना.

जागा कोणती, यापेक्षा तिथून घरी परतायला किती वेळ लागतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधल्या योकोहामाजवळ 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकलं, ते आठवत असेल. ३,७११ माणसं होती त्यावर, ७१२ जणांना लागण झाली. सुट्टी घालवायला निघालेली माणसं दिवसचे दिवस केबिनमध्ये कोंडली गेली, कारण उतरायची वाटच नव्हती. तुम्ही अशी जागा निवडा जिथून कुणी आजारी पडलं तर तीन-चार तासांत आपल्या गाडीने, आपल्या डॉक्टरांकडे येता येईल. ठरवलेली जागा त्याहून लांब असेल तर ती बदला. मुलं पाणी, झाडं आणि चुलत भाऊ असला की कुठेही रमतात.

तरीही एक तयारी बरोबर असू द्या. सासूबाईंची औषधं आणि इनहेलर पाच दिवसांऐवजी पंधरा दिवस पुरतील एवढे घ्या. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर घ्या. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली दिसला, किंवा आकडा ठीक असूनही बोलताना त्यांना धाप लागू लागली, तर सकाळची वाट बघू नका. हा आजार पहिले चार-पाच दिवस साधा वाटून नंतर बिघडू शकतो, म्हणून 'ताप उतरला, आता काय' असं म्हणून ढिलं सोडू नका. जास्त धोक्याच्या रुग्णांना देतात त्या विषाणूविरोधी गोळ्या लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. म्हणून सासूबाईंना त्या चालतील का, त्यांच्या इतर औषधांबरोबर चालतील का, हे डॉक्टरांना त्याच फोनवर आधी विचारून ठेवा. आणि कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर मागे कोण राहणार, हे आताच ठरवा. घरातली सून राहील हे कुणीही न बोलता गृहीत धरलं जातं. तुम्ही ते मुद्दाम बोलायला लावा.

बंगल्यावर झाडलोट करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बायांचाही विचार करा. त्या सुट्टीवर नसतात. कामाला 'नको' म्हणायची सोय त्यांना नसते, आणि अशा छोट्या गावांत हॉस्पिटलातल्या खाटा मोजक्या असतात. त्या आत आल्या की आपण बाहेर जाऊन बसायचं, खोलीत असलो तर आपण मास्क लावायचा. आपल्यात कुणी आजारी पडलं तर त्यांना त्याच दिवशी सांगायचं आणि त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत.

मुलांना आतापासून सांगा की बेत आहे, पण बदलू शकतो. बदललाच तर काय करायचं, तेही त्यांनाच ठरवायला लावा. मोठ्या माणसांपेक्षा मुलं 'नाही' लवकर पचवतात, त्यांना त्रास होतो तो शेवटच्या मिनिटापर्यंत 'हो हो' ऐकून मग 'नाही' ऐकण्याचा.

तुम्ही विचारलंत, जावं की जाऊ नये. तुमच्या पत्रावरून सांगते: एक गाडी, एक बंगला, परत न मिळणारे पैसे आणि सासूबाईंना कुणी नीट विचारलेलं नाही, अशी ही सहल आज आहे तशी करू नका. दोन गाड्या, जवळची जागा, रद्द करायची मोकळीक आणि सासूबाईंचा खरा होकार, एवढं जमलं तर जा, आणि गेल्यावर रोज उठून धास्तावत बसू नका. यातलं काहीच जमलं नाही, तर दिरांचं कुटुंब आणि तुम्ही चौघं एक दिवस सकाळी जाऊन संध्याकाळी परत या आणि सासूबाईंबरोबरची सहल साथ ओसरल्यावर वेगळी करा. तेवढा एक दिवस त्यांच्याजवळ कुणी थांबायचं, तेही आधी ठरवून.

नवरा म्हणतो, तू ठरव. त्यांना सांगा, मी माझ्यापुरतं ठरवलंय, आता भावाला फोन तुम्ही करा. आई त्यांची आहे आणि भाऊही त्यांचा, हे बोलणं त्यांच्या तोंडून जास्त सहज होईल. तुम्ही आज रात्री सासूबाईंच्या खोलीत जा. बंगलेवाल्यांचा लेखी निरोप उद्यापर्यंत आला नाही तर शुक्रवारी पुन्हा फोन करा, आणि सासूबाई काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.